वैशाखात भरलेल्या विहिरी

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या खानावळीत पुण्याच्या एका कुटुंबाला माझ्या विहिरीची गोष्ट सांगत होतो. ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. आमच्या सुरंगवाडीच्या विहिरीत नारळ टाकला की तो कातळाखालच्या भुयारातून वाहत वाहत जातो आणि थेट रेडीच्या किनाऱ्याला लागतो, तोही सोललेला. 'सोललेला' या शब्दावर लोकांचा घास हातात राहतो, आणि मी त्याच वेळी मुद्दाम सोलकढी वाढायला घेतो. त्या दिवशी गोष्ट नेमकी रेडीच्या किनाऱ्याला लागत होती आणि खिशातला फोन वाजला. नंबर इनासचा, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "खंय आसंस मरे? बांगड्याचा तिखला संपत इला." पलीकडे त्याची बायको होती, कारमेलवहिनी. म्हणाली, "बाबल, इनास गेलो."

अशा वेळी माणूस काय म्हणतो? 'अरे देवा' म्हणतो, 'कसं काय' म्हणतो, काही जण तर नुसते खाली बसतात. मी विचारलं, "कोणी सांगल्यान?" तोंडातून निघून गेलं. मग वहिनी इतकी गप्प राहिली की मला तिच्या घराबाहेरच्या माडाच्या झावळ्या ऐकू आल्या. अगदी हळू ती म्हणाली, "मी सांगतंय. मीच बघलंय, बाबल. आत्ताच... माझ्या हातातच."

लोकांना वाटेल, काय हा माणूस, बाईला असं विचारतो! पण तो प्रश्न माझा नव्हताच. मी जन्मात कधी कुठल्या बातमीला 'कोणी सांगितलं' असं विचारलं नाही, कारण अर्ध्या बातम्या मीच सोडलेल्या असतात. तो प्रश्न इनासचा. चाळीस-पन्नास वर्षं त्यानं तो माझ्या कानात इतका ओतला की ऐन वेळी, त्याच्याच बातमीला, तो माझ्या तोंडून बाहेर पडला. आणि वहिनीनं उत्तरही अगदी त्याला हवं तसं दिलं. कोणी, कधी, कुठे... काही राहिलं नाही.

इनास फर्नांडिस माझा शाळेपासूनचा मित्र. गुरुजी एकदा वर्गात म्हणाले की आकाशात असंख्य तारे आहेत, तर हा उभा राहून विचारतो, "गुरुजी, कोणीतरी मोजायला घेतले होते काय?" गुरुजींनी त्याला अशी पट्टी मारली की पट्टीचे दोन तुकडे झाले आणि एक खिडकीतून उडून चर्चच्या घंटेवर आपटला. असं मी सांगतो. इनासचं म्हणणं, पट्टी आधीच तडकलेली होती आणि घंटेचं काही त्याला आठवत नाही. आमची मैत्री म्हणजे हे एवढंच. मी फुगवायचं आणि त्यानं टाचणी घेऊन शेजारी बसायचं. गंमत अशी की टाचणी त्यानं कधी जोरात मारली नाही. तो नुसता विचारायचा, "कोणी मोजल्यान? कधी? कशान?" आणि माझा फुगा आपणच लाजून खाली बसायचा.

पुढे तो जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, एका सरकारी कचेरीत लागला, कुठल्या ते सांगत नाही. रोज एसटीनं जायचा, एसटीनं यायचा. आयुष्यभर टंकलेखन, तक्ते, बेरजा, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याच्याकडे ते पोर्टलचं काम आलं. पोर्टल म्हणजे काय, हे मला त्यानं समजावलं म्हणून मी तुम्हाला सांगू शकतो. सरकार जी काही माहिती गोळा करतं, शाळा किती, बोटी किती, विहिरीत पाणी किती, ती कपाटात न ठेवता एका वेबसाइटवर सगळ्यांसाठी उघडी ठेवायची. कोणीही यावं, बघावं, उतरवून घ्यावं. मी म्हटलं, मग झालं की, चांगलं आहे. तर म्हणाला, माहिती ठेवणं सोपं. माहितीची माहिती ठेवणं कठीण. ही कोणी गोळा केली, कधी, कुठल्या मापानं, कुठपासून कुठपर्यंत धरायची, शंका आली तर कोणाला विचारायचं... त्याला मेटाडेटा म्हणतात. माझा चेहरा बघून त्यानं बाजारातला दाखला दिला. "कारमेल बांगडो घेवक जाता, तेव्हा काय करता? नुसतो मोठो बघून घेता? कल्लो उघडून बघता, खंयच्या होडयेचो ता विचारता, कालचो काय आजचो ता विचारता. ता सगळा नसलेलो आकडो म्हणजे कल्लो नसलेलो बांगडो. दिसाक बरो, पण खातलो कोण?"

मी खानावळवाला. हे मला असं कळलं की पुन्हा कोणी समजावायची गरज पडली नाही.

त्याचा त्रासही तेवढाच होता, हे लपवण्यात अर्थ नाही. दर रविवारी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस, आटपलं की तो माझ्याकडे जेवायला यायचा, खिडकीजवळची जागा धरायचा आणि माझी गिऱ्हाइकं ऐकत असताना माझ्या गोष्टींना तळटीप द्यायचा. मी म्हणायचो, गेल्या वादळात आमचं छप्पर उडून देवगडला गेलं. तो माशाचा काटा काढत म्हणायचा, "दोन कौलां. शेजारच्या परसात." लग्नात जेवणाच्या पंगतीला कोणी म्हटलं की पाचशे पान उठलं, तर हा उठून पत्रावळींचे ढीग बघून यायचा. वहिनी त्याला बाजारात घेऊन जात नसे. तो कोळणींना प्रश्न विचारी आणि त्या मासे झाकून ठेवत. स्वतःला गोष्ट सांगता यावी असं त्याला फार वाटे. एकदा माझ्या गिऱ्हाइकांपुढे त्यानं सुरुवातही केली. "एक मासा होता... बराच मोठा. म्हणजे साधारण एवढा... नाही, तसा मोजला नव्हता." आणि गप्प बसला. संपली गोष्ट. लोक माझ्या नारळाला हसले नाहीत तेवढे त्या माशाला हसले. इनासही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कचेरीतही त्याचं असंच चालायचं. पोर्टलवर प्रत्येक तक्त्याला रकाने असायचे आणि जेवढे रकाने भरलेले तेवढे गुण. वरून विचारणा होई, तुमच्या जिल्ह्याचे गुण कमी का? मग सगळे भराभर भरत. माहीत नसेल तिथे 'लागू नाही', ते लिहायचा कंटाळा आला तर 'इतर', आणि तोही कंटाळा आला तर नुसतं टिंब. यंत्राला काय, टिंब दिसलं की रकाना भरला. इनास मात्र माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असं लिहायचा. त्याचे साहेब भले माणूस होते. ते त्याला बोलावून म्हणत, "फर्नांडिस, सरकार असं लिहीत नाही." यावर इनास म्हणे, "साहेब, नाही लिहिलं तर लोकांना वाटेल आपल्याला माहीत आहे." साहेब डोळे मिटून घेत आणि चहा मागवत. हे मला साहेबांनीच नंतर सांगितलं, म्हणून खात्रीनं लिहितोय.

आता विहिरींचं.

आमची सुरंगवाडी खाडीच्या वर, कातळाच्या उतारावर आहे. पावसात आमच्या विहिरी अशा भरतात की काठावर बसून तांब्यानं पाणी घ्यावं. पण जांभा दगड तो, पाणी धरून ठेवत नाही. होळी झाली की पाणी खाली जायला लागतं आणि वैशाखात तळाचे दगड दिसतात. मग सगळी वाडी उतार उतरून खाली मळ्यातल्या एकाच बारमाही विहिरीवर. उतरताना कळशी रिकामी, चढताना भरलेली, हा निसर्गाचा उलटा न्याय. आमच्या शेजारच्या पार्वतीकाकीचे गुडघे त्या चढावर गेले. मी खानावळीसाठी पाणी गाडीनं आणायचो, पण तिच्या दारी गाडी पोचत नाही. एक कळशी डोक्यावर, एक कमरेवर, आणि मध्ये तीन ठिकाणी टेकायचं... तीन की चार? इनास असता तर विचारलं असतं. तीन. मी स्वतः बघितलंय.

अशात नळपाण्याची योजना आली. आजूबाजूच्या वाड्या यादीत, सुरंगवाडी नाही. मी चिडलो. दोन हजार माणसांचा मोर्चा घेऊन ओरोसला गेलो. (इनासच्या म्हणण्याप्रमाणे सहा जण, त्यातला एक बँकेच्या कामाला आला होता.) तिथे एका तरुण अधिकाऱ्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि संगणक आमच्याकडे वळवला. म्हणाला, "काका, माझा काही राग नाही वाडीवर. पण हे बघा ना. सुरंगवाडी, विहिरींची पाणीपातळी, महिना मे. पाणी काठापासून हातभर खाली. मे महिन्यात एवढं पाणी तर आमच्या घरीपण नाही." आणि खरंच तसं होतं. खुल्या पोर्टलवर, सगळ्या जगासमोर, आमच्या विहिरी वैशाखात भरलेल्या होत्या. मी आयुष्यभर त्या विहिरीबद्दल काय काय सांगितलं, पण इतकी मोठी थाप मला कधी सुचली नव्हती.

मी खाली इनासच्या टेबलाशी गेलो आणि त्याला बोललो. खूप बोललो. तू काय ती माहितीची माहिती म्हणत होतास ती हीच काय, म्हणालो. तो तक्ता उघडून बघत बसला, आणि बघता बघता त्याचा चेहरा आजारी माणसासारखा झाला.

त्या रविवारी तो जेवायला आला नाही. सरळ वाडीत गेला आणि घरोघर विचारत सुटला की विहीर मोजायला माणसं कधी आली होती. कोणाला आठवतंय? कोणी म्हणे गेल्या साली, कोणी म्हणे त्याच्या आदल्या. अर्ध्या घरांना तर कुलूपच. शेवटी पार्वतीकाकीच्या ओट्यावर बसला. काकी म्हणाली, "तारीख माका खंयसून माहीत आसतली? दोघे झील इल्ले, पट्टी घेवन. बरे होते. गणपतीकडे हात जोडल्यानी, नेवऱ्यो खाल्ल्यानी आणि गेले." नेवऱ्या म्हणजे आमच्याकडच्या करंज्या. इनासनं तिला पुन्हा सांगायला लावलं. नेवऱ्या? नेवऱ्या. गणपतीपुढे? मग काय, होळीत करतात नेवऱ्या?

म्हणजे चतुर्थी. म्हणजे भाद्रपद, तुडुंब विहिरी.

पण मोजणारी माणसं चतुर्थीतच का आली, हे मागाहून कळलं. ती आधी उन्हाळ्यातही येऊन गेली होती, नेमून दिलेल्या वेळी. पण तेव्हा वाडीला कुलपं. विहिरी कुंपणाच्या आत, मालक मुंबईला. बाकीच्या गावांत मे महिन्यात चाकरमानी येतात, आंबे-फणस खातात. आमच्याकडे येत नाहीत, कारण पाणीच नाही. आंघोळ करायची तर खाली मळ्यात उतरा. येतात ते फक्त चतुर्थीला, तेव्हा एकही कुलूप राहत नाही. म्हणून त्या बिचाऱ्यांनी दारं उघडी सापडली तेव्हा मोजलं. वाडीत पाणी नाही म्हणून उन्हाळ्यात माणूस नाही, माणूस नाही म्हणून मोजणी नाही, आणि मोजणी झाली तेव्हा पाणीच पाणी. यात लबाडी कोणाचीच नव्हती. कागद कचेरीत आले तेव्हा मोजल्याच्या तारखेचा रकाना रिकामा होता. पुढे पोर्टलवर चढवताना कोणीतरी त्यात चढवल्याची तारीख टाकली, आणि तो महिना होता मे. कोणी टाकली, ते इनासनं मला कधीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "रिकामो रकानो बघवत नाय रे माणसाक."

आता नुसतं 'तारीख चुकली' म्हणून भागणार नव्हतं. वैशाखात पाणी कुठे जातं ते मोजून दाखवायला हवं होतं आणि कचेरीत तेवढ्यासाठी माणूस मोकळा नव्हता. वाडीतलाच कोणी हवा, जो कायम इथे असतो. वाडीची बैठक बसली. इनास म्हणाला, "बाबल मोजतलो." त्यावर सगळे जे हसले, ते हसणं मालवणच्या बंदरावर ऐकू गेलं असेल. कोणीतरी म्हणालं, बाबलच्या विहिरीत देवमासा आहे, तो आधी बाहेर काढा. पार्वतीकाकी तर डोळे पुसत होती. मीही हसलो, दुसरं काय करणार. पण ती बाई ज्या चढावर टेकते तो मला दिसत होता. माझ्या तोंडच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार, या एका गोष्टीनं तिचं पाणी अडलं तर? मी इनासला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा कोणीतरी बघ. तो म्हणाला, "खोटा सांगणाऱ्याक खरा काय ता बरोबर माहीत असता. नायतर तो फिरवतलो काय?"

मग त्यानं मला शिकवलं. टेपच्या टोकाला जाळ्याचं शिसं बांधायचं. टेप सरळ सोडायची, झोका द्यायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुठपासून मोजायचं? कठडे एकाचा उंच, एकाचा ठेंगणा, एकाचा मोडलेला. म्हणून तो लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन आला आणि ज्या विहिरीपर्यंत पोचता येईल तिच्या कठड्यावर अंगठ्यानं एक ठिपका लावत गेला. कुलपं होती तिथे मुंबईला फोन करून किल्ल्या शेजाऱ्यांकडे मागवल्या. "ह्या खुणेपासून. कायम ह्याच खुणेपासून. दर पुनवेक." त्याचा अंगठा कित्येक दिवस लाल होता. मिसला गेला तेव्हा पाद्रींनी विचारलं, लागलं काय?

वैशाख आला. पहिली विहीर माझीच. शिसं खाली गेलं, गेलं, आणि दगडावर टणकन वाजलं. बाजूला एका खळग्यात पाणी होतं, कावळ्याला पुरेल एवढं. आकडा वाचला आणि तिथेच माझा जन्माचा स्वभाव उठून उभा राहिला. आणखी थोडा वाढवला तर काय बिघडलं? काकीच्या गुडघ्यांसाठी. पुण्याचं काम आहे, मोजायला पुन्हा कोण येतंय... मी बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडे बघत उभा होतो. मग होता तो आकडा कागदावर लिहिला. इतका कंजूष आकडा माझ्या हातून आजवर कधी लिहिला गेला नव्हता.

इनासनं कागद घेतला, वाचला. "वाढवलंस?" मी म्हटलं, "नाय." तो पुन्हा मोजायला गेला नाही. विहिरीकडे वळूनही बघितलं नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, चहा घाल.

कचेरीत मात्र साहेबांची पंचाईत झाली. दुरुस्ती करायची म्हणजे चूक झाली असं लिहायचं. गुण कमी होणार, वरून विचारणा येणार. त्यातून इनासची मागणी अशी की जुनी नोंद पुसायची नाही. नवी वर, जुनी खाली, आणि मध्ये का बदललं ते लिहायचं. साहेब म्हणाले, "अहो, दुरुस्त करतोय ना आपण, मग जुनं कशाला दाखवायचं?" इनास म्हणाला, "साहेब, पुसलं तर ज्यांनी जुनं वाचून काही ठरवलं, त्यांना कळणारच नाही की ते का चुकले." साहेबांनी काही दिवस कागद ठेवून घेतला. मग एका सकाळी बोलावून म्हणाले, "माझ्या गावीपण विहीर आहे, फर्नांडिस. आमच्याकडेही चतुर्थीलाच जाणं होतं." आणि सही केली.

ती नोंद मी माझ्या मोबाइलवर ठेवली आहे. गिऱ्हाइकांना दाखवतो, मागितली नाही तरी दाखवतो. 'आधीची मोजणी भाद्रपद महिन्यात झाली होती. मे ही तारीख चुकीची आहे. नवी मोजणी: बाबल परब, रहिवासी, सुरंगवाडी. साधन: टेप व शिसं. कठड्यावरील लाल खुणेपासून.' आणि खाली, 'शंका असल्यास संपर्क: इनास फर्नांडिस', पुढे त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर, कचेरीतला फोन कोणी उचलत नाही म्हणून. सगळ्या जिल्ह्यात थापाड्या म्हणून ओळखला जाणारा मी, आणि सरकारच्या खुल्या पोर्टलवर माझ्या नावापुढे कसलीही शंका नाही. आमच्या बायकोला दाखवलं तर म्हणाली, सरकारला फसवलंस काय?

सुरंगवाडी यादीत आली. नळ यायला वेळ लागला, तो कसा लागला याच्या गोष्टी सांगायच्या तर या पुरवणीची पानं कमी पडतील. पण आला. पाणी एक दिवसाआड येतं, आधी हवा येते, मग लाल पाणी, मग खरं. पार्वतीकाकी पहिल्या दिवशी नळासमोर खुर्ची टाकून बसली होती, सिनेमाला बसावं तशी. इनास तिथे होता. धार लागली, बायकांनी हळदकुंकू वाहिलं, आणि हा घड्याळ बघून विचारतो, "कळशी भरूक किती वेळ लागलो?" काकी म्हणाली, "तू भर आणि बघ." त्यानं भरली, आणि तिच्या घरात नेऊन ठेवली. पुढच्या मे महिन्यात वाडीतली काही कुलपं उघडली. मुंबईची पोरं नळाखाली आंघोळ करत होती. तो त्यांना बघत माझ्या ओट्यावर बसला होता, आणि त्या दिवशी त्यानं काहीच मोजलं नाही.

मग तो निवृत्त झाला, तरी संपर्काच्या रकान्यात त्याचंच नाव राहिलं, कारण फोनवर उत्तर देणारा तोच होता. शेवटची भेट त्याच्या जाण्याआधीच्या रविवारची. खानावळीत नागपूरची मंडळी होती, मी नारळ विहिरीत टाकला होता, भुयारातून नेत होतो. त्यांतल्या एका काकांना पटेना. खिडकीजवळ जेवणाऱ्या इनासला बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही इथलेच ना? खरंच निघतो का हो नारळ रेडीला?" मी मनात म्हटलं, आली टाचणी. इनासनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. म्हणाला, "मी सरकारी नोकरीत होतो, म्हणून जपून सांगतो. नारळावर आजवर कोणी खूण केलेली नाही. त्यामुळे निघतो असं म्हणता येत नाही. पण निघत नाही असंही म्हणता येणार नाही." आणि माझ्याकडे न बघता पुन्हा भात कालवायला लागला. आयुष्यात त्यानं माझ्यासाठी मारलेली ही एकच थाप. तीसुद्धा, बघा, कुठे पकडता येत नाही.

त्यानंतर तो फोन.

परवा त्याचं महिन्याचं मिस झालं. चर्चमधून त्याच्या घरी चहाला गेलो. साहेबही आले होते, आता ते दुसरीकडे असतात, तरी आले. समोरच्या खोलीत त्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि आम्ही बसलो असतानाच तो वाजला. वहिनी उठून बोलली. "होय, विहिरींचा नंबर हाच... नाही, ते नाहीत. पण विचारा... कठड्यावरच्या लाल खुणेपासून. जमिनीपासून नव्हे. होय." फोन ठेवून म्हणाली, पुण्याची कोण शिकणारी मुलगी होती. असे फोन येतात अधूनमधून. तिला सगळं पाठ होतं. इतकी वर्षं तो फोनवर तेच सांगत होता ना, त्याच खोलीत, ती भाजी निवडत असताना.

साहेब चाचरत म्हणाले, "तो संपर्काचा रकाना... राहू दे म्हणालात तर राहू दे. कोणी विचारणार नाही. मी बोलतो तिथे." मला तर ते फार बरं वाटलं. राहू दे की. कुठेतरी त्याचं नाव चालू आहे, नंबर चालू आहे... आमच्यासारख्यांना तेवढंही खूप. पण वहिनीनं मान हलवली. "नको. ता आता खोटा आसा. बदला तुम्ही." मग ती म्हणाली, "पण पुसू नका. तो पुसूक देय नसे. नवा वर घाला, त्याचा खाली ऱ्हांव दी. कधीपर्यंत होतो ता लिवा."

साहेबांनी खाली बघून विचारलं, नवं नाव कोणाचं घालू? ती म्हणाली, "माझा घाला. फोन काय, हंयच वाजतलो."

काल पुनव होती. मी टेप घेऊन विहिरीवर गेलो. कठड्यावरचा ठिपका इतक्या पावसाळ्यांत फिकटला होता, पण त्याच्या अंगठ्याच्या रेषा अजून दिसतात, बारीक. मी घरी ठेवलेला तोच डबा उघडला होता, नवा ठिपका लावायला. मग लावला नाही. अजून दिसतोय तोवर कशाला. मोजलं, आणि वहिनीला फोन केला. मी आकडा सांगितला तर पलीकडून आवाज आला, "कोणी मोजल्यान?"

"मी."

"कधी?"

"आत्ता, वैनी. विहिरीरच उभो आसंय."

"वाढवलंस?"

म्हटलं, "नाय." म्हणाली, बरं. आणि ठेवला.

रंगाचा डबा उघडा होता, ब्रश ओला होता. शेजारी नारळ पडला होता. मी त्या नारळावर एक लाल ठिपका लावला, चांगला वाळू दिला, आणि विहिरीत सोडला. तेव्हा वाचकहो, रेडीच्या बाजूला कोणाला लाल ठिपक्याचा नारळ सापडला तर मला कळवा. नुसतं 'सापडला' म्हणू नका. कोणाला सापडला, कधी, कुठे, सोललेला होता की नव्हता, सगळं सांगा.

आज सकाळपर्यंत तो विहिरीतच तरंगत होता. मी स्वतः बघितलंय.